न हलणारी विळी

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ यायला लागला तसा दोहाचा नकाशा रोज बदलायचा. सकाळी ज्या रस्त्यानं साइटवर गेलो तो संध्याकाळी बंद असायचा. अल हिलालमधल्या आमच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी समोर दिसायची, पण तिथं पोचायचं कुठून ते कळायचं नाही. मी रस्ते बांधणाऱ्यांपैकीच एक, तरी हमखास चुकायचो. बायको म्हणायची, "स्वतःच खणतोस आणि स्वतःच हरवतोस." घरी पोचल्यावरही गोंधळ संपायचा नाही, कारण घरात आई होती आणि तिच्या मनात काय आहे याचा मला अजिबात पत्ता लागत नव्हता.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे आली ती परतीचं तिकीट काढून. तिनं नाशिकच्या फ्लॅटमध्ये आता एकटं राहायचं नाही, असं पुण्याच्या ताईचं आणि माझं फोनवर ठरून गेलं होतं. आईला विचारायचं राहिलं. ती भांडली नाही. फक्त सुरीनं भाजी चिरताना हळूच म्हणायची, "सुरीच्या गवारीला चव नाही रे. तिथं माझी विळी आहे." कांदा चिरताना तेच, कोथिंबीर चिरताना तेच. ताईनं तिकडून विळी पाठवायची म्हटलं तर म्हणाली, "नको, ती तिथंच असू दे." तिकीट पुढे ढकलायचा विषय निघाला की पुन्हा तेच. बायकोनं सुचवलं, "आई, ओट्यावर बसवायच्या विळ्या मिळतात तुळशीबागेत, कुणाबरोबर तरी मागवू या." आई म्हणाली, "हलतात त्या मेल्या." विषय संपला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की घोडं इथंच पेंड खातंय. इंजिनिअर माणसाला अडचण एखाद्या वस्तूची आहे असं दिसलं की फार हायसं वाटतं. वस्तू करता येते.

आणि करण्याची सोय होती. दर शुक्रवारी शहराबाहेर, उम्म सलाल मोहम्मदला, एका लेबनीज कंत्राटदाराच्या गॅरेजात आम्ही काही हौशी लोक जमायचो. कुणी खुर्च्या करायचं, कुणी सुऱ्या. एक आडदांड आयरिश गृहस्थ रायफली करायचा, म्हणजे त्यांचे नुसते लाकडी दस्ते. नळी बसवायची इथं परवानगी नाही, ती तो सुट्टीत गावी जाऊन बसवणार होता. तोवर अक्रोडाचा तो गुळगुळीत दस्ता खांद्याला लावून तो गॅरेजच्या भिंतीवर नेम धरायचा आणि आम्ही अदबीनं बाजूला सरकायचो. वस्तू पुरी झाली की ती लांब टेबलावर ठेवायची आणि सगळ्यांना सांगायचं, काय आहे, कशाची आहे आणि कशासाठी केली. एवढाच नियम.

पात्यासाठी मी भंगारवाल्याकडून ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा आणला. पाटासाठी साइटवर आलेल्या मशिनच्या खोक्याच्या फळ्या साहेबाला विचारून घेतल्या. पातं तापवून ठोकून वळवलं, त्याला पाणी दिलं. पाणी दिलं म्हणायचं, बुडवलं तेलात. टोकाला नारळ खवायची खवणी, तिचे दाते कानशीनं एकेक करून काढले. इथवर सगळं ठीक चाललं आणि मग मी अडलो. विळीची धार बसणाऱ्याकडे असते की पलीकडे? उभं बालपण आईसमोर बसून मटार खाण्यात गेलं, पण विळीवर मी स्वतः कधी बसलोच नव्हतो. आईला विचारावं तर गंमत जाणार. बायको म्हणाली, "मला काय विचारतोस, आमच्याकडे पहिल्यापासून सुरी." शेवटी गॅरेजच्या फरशीवर पुठ्ठ्याचं पातं उभं करून, हातात काकडी घेऊन बसलो. मग उजेड पडला की धार पलीकडे असली तर चिरणाऱ्यालाही पलीकडे जाऊन बसावं लागेल.

टेबलावर विळी ठेवली तेव्हा तर्कांना ऊत आला. कुणी म्हणालं गालिचा कापायचं यंत्र, कुणी म्हणालं सापळा. मला खाली बसून काकडी चिरून दाखवावी लागली. मग कशासाठी केली, असं यजमानानं विचारलं. मी म्हणालो, "आईनं इथं राहावं म्हणून." मग आयरिश म्हणाला, त्याच्या आईनं घरात राहू द्यावं म्हणून तोच काहीतरी करून नेणार आहे. सगळे हसले, मीही हसलो, आणि घरी येताना पुन्हा रस्ता चुकलो.

खंडेनवमीला विळी आईसमोर ठेवली. तिनं धारेवरून अलगद अंगठा फिरवला, पाटावर हाताचा दाब देऊन पाहिला. "हलत नाही," म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तिनं विळीला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, उभी विळी ठेवू नये म्हणून ती नीट आडवी केली आणि ओट्याखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी पूजा उतरली. मी हौसेनं गवार आणली. आईनं ती सुरीनं चिरली.

मला वाटलं, विसरली. तिसऱ्या दिवशीही सुरीच. मग वाटलं धार कमी पडली, म्हणून पुन्हा लावली. पॉलिशचा वास येत असेल म्हणून पाट घासून काढला. पाट उंच झाला असेल म्हणून खालून तासला. दर वेळी आई म्हणायची, "छान झालीय रे." आणि दर वेळी विळी परत ओट्याखाली. "दिवाळीत काढू या," म्हणाली. दिवाळी झाली, चकल्या संपल्या. "नवीन आहे, राहू दे," म्हणाली. शुक्रवारची मंडळी विचारायची, वापरतानाचा फोटो कुठे आहे? मी म्हणायचो, इन्शाल्ला.

एकदा मी चिडलोच. "मग दिवसभर विळी विळी काय लावलं होतंस?"

"तू केलीस ना," ती म्हणाली, "झालं तर."

याचा अर्थ मला आजही लागत नाही. पण तेव्हापासून मी रोज एकदा तरी विळीचा विषय काढायचोच. कधी टोमणा, कधी लाडीगोडी.

आणि एका दुपारी धुळीचं वादळ आलं, साइट बंद झाली, मी लवकर घरी पोचलो. बायको ऑफिसात. स्वयंपाकघरातून ओळखीचा आवाज येत होता, पात्यावरून भाजी सरकल्याचा. आत पाहिलं तर आई खाली बसलेली, गुडघ्याखाली माझी विळी, समोर परातीत गवार. मला इतका आनंद झाला की काही सुचेना. पुढे न होता दारातूनच फोटो काढला, शुक्रवारच्या मंडळींच्या ग्रुपवर टाकला आणि हसत म्हणालो, "बसलीस शेवटी."

"एवढ्यात कसा आलास?" तिनं विचारलं. मान वर केली नाही.

कपड्यांत, कानांत सगळीकडे धूळ. मी निवांत अंघोळ केली. परत आलो तर ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला होता. आई तिथंच होती. मग मी परातीकडे नीट पाहिलं. गवारीशेजारी चिरलेले कांदे होते, आठवडाभर पुरावेत एवढे. त्यांच्यापलीकडे गाजरं, कोबी, सगळी कोथिंबीर, मिरच्या. आणलेल्या भाजीची पिशवी तिच्या बाजूला रिकामी पडली होती. ती आता लिंबं चिरत होती. चिरलेल्या लिंबाच्या फोडीचे पुन्हा दोन तुकडे करत होती.

"अगं, एवढं कशाला चिरलंस? कोण येणार आहे?"

तिनं विळी आडवी केली. जमिनीकडे बघत म्हणाली, "मला जरा उठव. केव्हाचं बाथरूमला जायचंय."

मी तिला काखेत हात घालून उठवलं. ती फार हलकी लागली आणि गुडघे सरळ होईपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही. तिचा फोन ओट्यावर होता, हात पुरणार नाही असा.

नंतर चहा घेताना ती आपण होऊनच बोलली. "खाली बसता येतं मला. उठता येत नाही. तू रोज म्हणत होतास, म्हटलं एकदा बसावं."

"मग नाशिकला कशी उठायचीस?"

"तुझे बाबा हात द्यायचे."

मला खूप वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. तिथं माझी विळी आहे, असं ती म्हणायची तेव्हा ती नेमकं काय म्हणत होती, आणि मी काय ऐकून कमानपाटा ठोकत बसलो होतो?

"आणि आता तिथं जाऊन काय केलं असतंस?"

"तिथलं तिथं बघितलं असतं," ती म्हणाली. मग कप खाली ठेवून, "ताईला सांगू नकोस. तिला कळलं की माझं जाणं खलास." असं खलास म्हणायची लकब तिनं खालच्या बकालावाल्याकडून, म्हणजे किराणा दुकानदाराकडून, उचलली होती.

त्या शुक्रवारी मी विळी परत गॅरेजात नेली. पाटाखाली जाड लाकडी बैठक केली, टेबलाच्या कडेला आवळायला लोखंडी शिकंजा बसवला. आयरिशनं आपल्या दस्त्यातलं उरलेलं अक्रोड दिलं, हात टेकायला कठडा कर म्हणाला. ही वस्तू कशासाठी, ते या वेळी मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं, आई राहावी म्हणून.

घरी आणून टेबलाला विळी आवळली, आईला खुर्चीवर बसवलं. तिनं मूठभर गवार पात्यावरून सरकवली. मग विळी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवून पाहिली. हलली नाही. कठड्यावर तळवा टेकून ती उठली, बसली, परत उठली. इतक्या महिन्यांत तिला एवढी खूश मी पाहिली नव्हती. बायको दारात उभी राहून बघत होती. मीही कंबरेवर हात ठेवून, छाती फुगवून उभा होतो.

"ही सुटी करून बॅगेत मावेल ना रे?" आईनं विचारलं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी शिकंज्याचे स्क्रू बघत राहिलो. नाही म्हणता आलं असतं. तिचा हात अजून कठड्यावरच होता.

"मावेल," मी म्हणालो.

पातं तिच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून मी स्वतःच बॅगेत आडवं ठेवलं. ताईला गुडघ्यांचं काही सांगितलं नाही. बरोबर केलं की चूक, ते अजून ठरवता येत नाही; रोज वेगळं वाटतं. विमानतळाचा रस्ताही त्या दिवशी बदललेला होता, पण का कोण जाणे, मी चुकलो नाही.

वर्ल्ड कप सुरू व्हायच्या आत तिनं नाशिकहून एक व्हिडिओ पाठवला, शेजारणीकडून शिकून. फोन डब्याला टेकवलेला. टेबल, विळी, गवार. चिरते, चिरते, बोलत काहीच नाही. ग्रुपवाले अजून मागतात, पण तो मी कुणाला दाखवलेला नाही. गवारीचा भाग मी पुढे ढकलतो. अगदी शेवटी, फोन बंद करायला, ती कठड्यावर हात टेकून उठते. तेवढं मी बघतो.