साहेबांचं सांत्वन

दोह्यातले माझे अमेरिकन साहेब पूर्वी त्यांच्या राज्यात बंदूक बाळगणाऱ्यांच्या संघटनेसाठी आमदारांची मनं वळवायचे. बंदुकीवर बंधनं आणणारे कायदे कसे हाणून पाडले, हे समोरच्याच्या कोपराला हात लावून हळू आवाजात सांगायचे.

त्याच राज्यात माझ्या बायकोच्या भावाला त्याच्या दुकानात घुसलेल्या चोरानं गोळी घालून मारलं. साहेब अल मुंतझा भागातल्या आमच्या फ्लॅटवर भेटायला आले, कुणी न सांगताच बूट काढून बसले. मग माझ्या कोपराला हात लावून म्हणाले, ‘त्याच्याजवळ बंदूक असती तर वाचला असता. खरं ना?’

माझं कॉन्ट्रॅक्ट त्यांच्याच सहीनं वाढायचं होतं. ‘खरंय, सर,’ मी म्हणालो.

बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिनं साहेबांना कप दिला. भावाचा विषय तिनं माझ्यापाशी पुन्हा कधी काढला नाही.