गिऱ्हाइकांच्या आयडिया आणि खालच्या कॉमेंट्स

आमच्या वेंगुर्ल्याच्या कारखान्यात चहाला चौघं जमली की आयडिया-स्पर्धेचा विषय निघतोच. एक सांगून संपत नाही तोवर दुसऱ्याला काहीतरी आठवतं!

कारखाना छोटासा. काजूगर आणि सोलकढीसाठी कोकमाचं आगळ बनवतो. नवीन काय करायचं ते गिऱ्हाइकांनाच ऑनलाइन विचारू, असं मालक नंदूकाकांनी ठरवलं. प्रत्येकाची आयडिया सगळ्यांनी वाचायची, खाली कॉमेंट लिहायची, सगळ्यात चांगलीला बक्षीस. ते सगळं बघायचं काम माझं.

*

पहिलीच आयडिया : काजूगरांना माशाचा मसाला! खाली चाळीस जणांचं ‘मस्त!’ आम्ही उत्साहानं माल काढला. कोणी हात लावीना. मग कळलं, ते चाळीसही एकाच घराण्यातले.

पॅकिंगच्या मंदाताई म्हणाल्या, “माणसां चाळीस, पण जीभ एकच!”

*

काका वैतागले. कॉमेंट्स बंद, एकमेकांच्या आयडिया दिसणंही बंद! आठवडाभर आयडियांचा पाऊस पडला. निम्म्याहून जास्त जणांनी एकच लिहिलेलं : ‘पाकीट परत बंद करता आलं पाहिजे.’

“उघडा रे ता,” काका म्हणाले, “निदान एकमेकाचा वाचतीत तरी!”

*

पुण्याच्या एका बाईंना ट्रेकसाठी छोटी पाकिटं हवी होती. सावंतवाडीच्या दुकानदाराने लिहिलं, ‘छोटी पाकिटं टांगली की फाटतात.’ तीन दिवस दोघं भांडली. चौथ्या दिवशी दोघांनी मिळून जाड पट्टीचं पाकीट सुचवलं. अगदी झकास!

मी धावत जाऊन सांगितलं, “काका, भांडण मिटलं!”

“मिटला? तेंनी आणखी चार दिवस भांडाक होया होता!”

*

एकदा काकांनीच खोट्या नावाने आयडिया टाकली : बाटलीवर मालकांचा फोटो. कोणीतरी खाली लिहिलं, ‘मालकांना बघून सोलकढी नासायची!’

काका थेट मंदाताईंकडे. “तू लिवलंस?”

“नाय वो. मी फक्त लाईक केलंय.”

*

आचऱ्याच्या निवृत्त शिक्षिका सुमतीबाईंनी लिहिलं होतं, ‘आगळाचं झाकण उघडत नाही. बोटं आखडली आहेत. एकटीच असते. सोलकढी करणं सोडून दिलं.’ ही तक्रार, आयडिया नव्हे, म्हणून मी काढून टाकणार होतो. तेवढ्यात कसालला लेथचं वर्कशॉप असलेल्या दशरथ यांची कॉमेंट आली : ‘बाई, तळवो टेकता काय? अंगठो वळता काय?’

‘तळवा टेकतो. अंगठा नाही.’

मग दशरथ झाकणं बनवून एस.टी.ने पाठवायचे. बाई वापरून कळवायच्या : ‘घसरतं.’ ‘कड बोचते.’ सहाव्या झाकणाला बाईंनी एवढंच लिहिलं, ‘आज सोलकढी केली.’

बक्षीस दोघांना मिळालं. त्या दिवशी कारखान्यात दोघं पहिल्यांदाच भेटली. बाईंनी हात पुढे केला. दशरथांनी डावा हात दिला. उजवी बाही कोपरापाशी दुमडून पिन लावलेली होती.

बाई बघतच राहिल्या. “इतके दिवस माझ्याच बोटांचं विचारत होता... सांगितलं का नाहीत?”

दशरथांनी बाटली उजव्या काखेत धरली आणि डाव्या तळव्याने झाकण फिरवलं.

“माका पण उघडता हां, बाई.”