खिशातली सुमित्रा

डोकेदुखीच्या डॉक्टरकडे किस्से का साठतात, याचं माझ्यापुरतं एक उत्तर आहे. पोट दुखलं तर घरचे ओवा देतात, पाय दुखला तर तेल देतात आणि डोकं दुखलं तर सल्ला देतात. "मोबाइल कमी पाह्य." "जास्त विचार करू नको." असे कित्येक वर्षांचे सल्ले गिळून माणूस माझ्याकडे येतो, तेव्हा त्याला गोळीच्या आधी बोलायचं असतं. मी ऐकते. हुडकेश्वरच्या माझ्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर सुनंदाताई बसतात, त्या माझ्याहून जास्त ऐकतात. दुपारच्या चहाला आम्ही दोघी एकमेकींचा माल वाटून घेतो. पेशंटची नावं इथे अर्थातच बदलली आहेत. सुनंदाताईंचं तेवढं खरं ठेवलंय, नाहीतर त्या रुसतील.

* * *

मिहानमधल्या एका आयटी कंपनीतला यश त्याच्या आईला घेऊन आला. म्हणजे आईच त्याला घेऊन आली. सगळं विचारून, तपासून झाल्यावर मी म्हटलं, "घाबरू नका, याला अर्धशिशी आहे."

आई खुर्चीतून उठल्याच. "अर्धी? मले वाटलंच होतं! शुक्रवार आला का मित्राइकडं काहून पळते हा! मॅडम, आमच्या घरात आजपर्यंत कोणी शिशीले हात नाही लावला."

यशने डोकं धरलेलंच होतं, ते आणखी घट्ट धरलं. मग मी समजावलं. शिशी म्हणजे बाटली नाही हो, डोक्याची एकच बाजू दुखते म्हणून अर्धशिशी, मायग्रेन म्हणतात ते हेच. बाईंचा जीव भांड्यात पडला. चिठ्ठी पर्समध्ये घालून त्या दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"मॅडम, मग गोळी पूर्ण द्यायची का अर्धी?"

* * *

ती गोळी म्हणजे सुमाट्रिप्टान. ही साधी दुखण्यावरची गोळी नव्हे. कंबर दुखो, दाढ दुखो, हिचा काही उपयोग नाही. डोक्यातलं एक विशिष्ट भांडण तेवढं तिला सोडवता येतं, आणि तेही पेटायला लागल्या लागल्या बोलावलं तर. दुखायला सुरुवात झाली की घ्यायची. उशिरा नको, उगाच आधीही नको. मी हे वाक्य दिवसातून इतक्या वेळा म्हणते की झोपेतही म्हणत असेन.

सुनंदाताईंना स्वतःला मायग्रेन आहे. हे वाक्य त्यांच्याइतकं कुणीच ऐकलेलं नाही. तरी एकदा टेबलावर डोकं टेकून, उलट्या करून, पांढऱ्याफटक बसल्या होत्या. गोळी पर्समध्ये तशीच.

"अहो, घेतली का नाही?"

"एवढ्याशासाठी काय घ्यायची, मॅडम? म्हटलं मोठं दुखलं तर असू दे."

बायका ठेवणीतली पैठणी जपतात हे मला माहीत होतं. ठेवणीतली गोळी मी पहिल्यांदा पाहिली.

यशचं उलटं. त्याने फोन करून सांगितलं की आज सकाळी एक घेतली.

"दुखत होतं?"

"नाही मॅडम. पण अकरा वाजता मॅनेजरसोबत मीटिंग होती."

* * *

आता वासुदेवभाऊ. हे कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे अडते. शेतकऱ्याचा माल ढिगाला लावायचा आणि बोली पुकारून व्यापाऱ्याला विकायचा, हा त्यांचा धंदा. आवाज असा की माझ्या दवाखान्यात ते हळू बोलले तरी बाहेरचे पेशंट आपापले मोबाइल खाली ठेवतात.

त्यांचं दुखणं मायग्रेन नव्हतं, क्लस्टर होतं. दरवर्षी आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरची संत्री बाजारात आली की तेही यायचं आणि महिना-दीड महिना रोज ठरल्या वेळी हजेरी लावायचं. मायग्रेनचा माणूस अंधारात गुपचूप पडून राहतो. क्लस्टरवाल्याला बसवत नाही, तो येरझारा घालतो, भिंतीला डोकं लावतो. आणि एक खूण अगदी पक्की: ज्या बाजूला दुखतं, त्याच बाजूचा डोळा लाल होऊन वाहतो, पापणी खाली येते, तीच नाकपुडी गळते. दुसरी बाजू कोरडी ठणठणीत.

एकदा ऐन बोलीत त्यांचं डोकं ठणकायला लागलं. डावी पापणी खाली आली, डोळा मिटून मिटून वाहू लागला. समोरच्या व्यापाऱ्याला वाटलं, भाऊ डोळा मारून राहिले, म्हणजे आतली खबर आहे, माल सोडू नको. त्याने बोली वाढवली. त्याच्या शेजारच्यानेही तो डोळा पाहिला. त्यानेही वाढवली. वासुदेवभाऊंना शब्द फुटत नव्हता, ते नुसता डोळा मिटत होते आणि भाव चढत होता.

सौदा झाल्यावर भाऊ गोणपाटावर डोकं धरून बसले होते. ज्याचा माल विकला गेला तो शेतकरी शेजारी येऊन उकिडवा बसला. पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, उद्या माह्या साळ्याचा माल येऊन राहिला. उद्या बी दुखन काय?"

* * *

पहिल्याच भेटीत मी त्यांना ईसीजी काढायला सांगितला. वासुदेवभाऊंनी पत्नीकडे, मंदाताईंकडे पाहिलं. मंदाताईंनी प्राचीकडे, म्हणजे मुलीकडे पाहिलं. मग तिघांनी मिळून माझ्या भिंतीवरच्या डिग्रीकडे पाहिलं.

"मॅडम," भाऊ शक्य तितक्या हळू म्हणाले, "दुखून राहिलं वर. तुम्ही खालीच उतरल्या."

मग मी सगळं सांगितलं. चेहऱ्याची एक मोठी नस असते. ती चिडली की मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांपाशी काही रसायनं सोडते. त्यामुळे रक्तवाहिन्या फुगतात. त्या फुगल्या की नस आणखी चिडते. सुमाट्रिप्टान दोघांनाही आवरतं: रक्तवाहिन्या आवळतं आणि नसेला रसायन सोडू देत नाही. पण आवळताना ते हृदयाच्या रक्तवाहिन्याही थोड्या आवळतं, म्हणून हृदय आणि बीपी ठीक असेल तरच द्यायचं. आणि गोळी पोटात विरघळून वर पोचेपर्यंत क्लस्टरचं दुखणं आपलं काम उरकून गेलेलं असतं, म्हणून यांना इंजेक्शन, कातडीखाली, स्वतःच टोचून घ्यायचं.

भाऊंनी डोळे बारीक केले. "म्हणजे दोन व्यापारी एकमेकावर चढून बोली लावून राहिले. अन् हे औषध दोघाच्या बी तोंडावर हात ठेवते."

इतकं सोपं मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते. फक्त एकदा एका निवृत्त प्राध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग शेवटी माल कुणाला गेला?"

* * *

ईसीजी चांगला आला. सुई टोचायचा सराव आम्ही संत्र्यावर करून घेतो. सुनंदाताईंनी कोपऱ्यावरच्या गाडीवरून एक संत्रं आणलं आणि भाऊंच्या हातात दिलं. त्यांनी ते तळहातावर तोललं, अंगठ्याने दाबलं, देठाकडून हुंगलं. इंजेक्शनचं पेन तसंच टेबलावर.

"टोचा," मी म्हटलं.

"काय टोचू? आतून पोकळ आहे हे. कोणाकडून घेतलं, ताई?"

दुसरं आणलं. ते आंबट निघेल असं ते म्हणाले. सोलून पाहिलं तर आंबटच होतं. शेवटी बाहेर बसलेल्या एका पेशंटच्या डब्यातलं सफरचंद मागून घेतलं, तेव्हा कुठे भाऊंनी निर्विकारपणे सुई टोचली. सफरचंदाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

औषधाचं नाव मात्र त्यांच्या जिभेवर बसेना. त्यांनी सुमाट्रिप्टानची सुमित्रा केली. मग घरादाराचीही सुमित्राच झाली. मंदाताई भर बाजारात फोन करून विचारायच्या, "सुमित्रा सोबत आहे ना?" आणि भाऊ खिसा चाचपून सांगायचे, "आहे आहे, सुमित्रा इथंच आहे." बाजूचे अडते मंदाताईंच्या मोठ्या मनाची तारीफ करायचे.

* * *

प्राचीचं लग्न ठरलं ते नेमकं आंबियाची संत्री बाजारात असताना, आणि तेही गोरज मुहूर्तावर. त्या वर्षी भाऊंचं डोकं रोज बरोबर त्याच सुमाराला, दिवेलागणीला, दुखत होतं. रोजच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू होत्या, पण दुखणं पुरतं हटलं नव्हतं.

प्राची एकटीच दवाखान्यात आली. एरवी आवाजाने बापावर गेलेली ही मुलगी त्या दिवशी बाहेर ऐकू जाणार नाही इतकं हळू बोलली. "मॅडम, तारीख बदला म्हणून तुम्ही सांगा ना बाबाले. मले कन्यादानाले बाबा पाहिजे. कोण्या खोलीत भिंतीले डोकं लावून उभे नाही पाहिजे."

मी भाऊंना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "डोक्याले इचारून पोरीचं लग्न करू काय? सुमित्रा आहे ना खिशात."

लग्नाच्या दिवशी मी आणि सुनंदाताई ठेवणीतल्या साड्या नेसून लॉनवर हजर. सूर्य कलला. अंतरपाट धरला गेला. आणि स्टेजजवळ उभ्या भाऊंची डावी पापणी खाली आली. त्यांनी खिसा चाचपला. खिसा नव्या जॅकेटचा होता, सुमित्रा जुन्यात.

"मंदे," ते ओरडले, "सुमित्रा कुठं आहे?"

त्यांचा तो आवाज! मुलाचे मामा माइक घेऊनच उभे होते. त्यांनी तत्परतेने पुकारलं, "सुमित्राताई जिथं असतील तिथून त्यांनी स्टेजवर यावं. वधुपिता वाट पाहून राहिले."

दोन सुमित्राताई आल्या. एक वराकडची, एक कुणाचीच नव्हे, बहुतेक शेजारच्या लॉनवरची. दोघींनी पदर सारखे केले. फोटोग्राफरने दोघींना भाऊंच्या दोन बाजूंना उभं केलं.

तेवढ्यात मंदाताईंना पर्समध्ये जास्तीचं पेन सापडलं. भाऊ ते घेऊन मागच्या खोलीत पळाले. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. अंतरपाटाआड प्राचीचा चेहरा उतरला होता. मी मनात हिशेब केला: सुई टोचल्यापासून उतार पडायला दहा-पंधरा मिनिटं तरी हवीत, आणि मंगलाष्टकं संपत आलेली.

सुनंदाताईंनी मामांच्या हातून माइक काढून घेतला. त्यांना म्हणे एक मंगलाष्टक येत होतं. ते त्यांनी म्हटलं. मग दुसरं म्हटलं, ज्यात वधूवरांच्या सगळ्या मावश्यांची नावं गुंफली. तिसऱ्यात टेकडीचा गणपती, संत्री आणि जेवणातली सावजी भाजी आली. लोकांच्या मुठीतल्या अक्षतांचा घामाने भात व्हायला आला होता. चौथ्याला त्यांनी सूर लावला तसे गुरुजी हात जोडून म्हणाले, "ताई, मुहूर्त निघून जाईन."

"जात नाही," सुनंदाताई माइकमध्येच म्हणाल्या, "औषध लागू द्या."

भाऊ आले तेव्हा डोळा अजून लाल होता, पण चाल सरळ होती. त्यांनीच "सावधान" म्हटलं. ते शेजारच्या लॉनवरही ऐकू गेलं असेल. कन्यादान झालं. मी चार गुलाबजाम खाल्ले.

मग पाठवणी. गाडी उभी, बायका रडत होत्या, आणि वासुदेवभाऊही रडायला लागले. प्राची गाडीत एक पाय ठेवून होती. तिने वळून पाहिलं आणि थबकली. परत आली, बापाचा चेहरा दोन्ही हातांत धरून दिव्याकडे वळवला. आधी डावा डोळा नीट पाहिला, मग उजवा.

"बाबा, दोन्ही?"

"दोन्ही वं."

आणि ती अशी खळखळून हसली की वराकडच्या सुमित्राताई मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "बाप रडून राहिला अन् ही पोरगी हसून काहून राहिली?"