बुधवारची धूळ

आमची जीप अंगणात थांबली की मावशी आधी बॉनेटवरून एक बोट फिरवायची. ते बोट डोळ्यांपुढे धरून नीट बघायची आणि आम्ही यंत्राला हात लावायच्या आतच निकाल देऊन टाकायची, "आज कमी हाय."

ती माझी मावशी नव्हे. उमरेडच्या पुढे कोळशाच्या खाणीला लागून तिचं गाव होतं आणि हवेतली धूळ मोजायचं आमचं यंत्र तिच्या गच्चीवर बसवलेलं होतं. मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी जायचं, यंत्रात पांढरा कागद लावायचा, संध्याकाळपर्यंत थांबायचं आणि कागद काढून नागपूरला आणून तोलायचा. दिवसभर दुसरं काम नाही. त्यामुळे मावशीच्या हातचं वांग्याचं भरीत आणि मावशीचं बोलणं, दोन्ही मी पोटभर घेतलं.

तिची गच्ची खरं तर मिरच्यांसाठी होती. भिवापुरी मिरची वाळत घातली की लालभडक दिसायची, आणि चार दिवसांत तिच्यावर काळसर साय धरायची. मावशी एकेक मिरची फडक्यानं पुसायची. "मिरचीले आंघोळ घालनारी मीच एकटी असन," म्हणायची. तरी खाणीला तिनं कधी शिव्या दिल्या नाहीत. तिचा मुलगा खाणीत ठेकेदाराकडे डंपर चालवायचा. घरावरचा स्लॅब त्याच कमाईचा. "खानीनं स्लॅब देल्ला, अन् स्लॅबवरची मिरची काळी केली," असा तिचा हिशेब सरळ होता. एकच गोष्ट तिला सोसवत नव्हती. नात रात्रंदिवस खोकायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी काही शिकलेली नसतात पण त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. एकदा जेवताना मावशीनं मला सहज विचारलं, "भाऊ, तुमची मशीन मंगळवार-शुक्रवारीच काहून चालते गा?"

"तसं ठरलेलं आहे."

"खानीचा पान्याचा टँकरबी तसाच ठरला हाय. तुम्ही आले का तो येते, रस्ता वला करते. बुधवारी या ना कधी. तुमचा कागद कोळशासारखा निंगन."

मी भरीत वाढून घेतलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमाले मालूम होतं."

मालूम होतं. दोन वर्षं मी ओल्या रस्त्यावरून जीप आणत होतो आणि कोरडे आकडे लिहीत होतो. वार बदलणं माझ्या हातात नाही, असं काहीतरी मी पुटपुटलो. "हाव, तुमच्या हातात तं भाकरच हाय," ती म्हणाली आणि अजून एक भाकर वाढली.

पुढच्या मंगळवारी गेलो तर अंगणात आमच्यासारखीच एक पांढरी जीप आधीच उभी. मला वाटलं, आमच्याच ऑफिसचं कुणीतरी आलं. जवळ गेलो तर तिला इंजिनच नव्हतं. भिवापूरच्या भावाची जुनी भंगार गाडी मावशीनं ट्रॅक्टरनं ओढून आणवली होती आणि वरून चुना मारला होता. टँकरवाला वळणावरून लांबूनच पांढरी जीप बघायचा आणि मुकाट्यानं पाणी मारून जायचा. जवळजवळ तीन आठवडे गावाला रोज ओला रस्ता मिळाला. मग एक दिवस टँकरवाला प्यायला पाणी मागायला उतरला आणि त्याला ड्रायव्हरच्या सीटवर मावशीची कोंबडी अंड्यांवर बसलेली दिसली. टँकर पुन्हा मंगळवार-शुक्रवारवर आला. मावशीला फार दुःख झालं नाही. "कोंबडीले खाली बसवाले पायजे होतं," एवढंच म्हणाली.

त्यानंतर तिचा मुलगा मला गाठायला उमरेडच्या बसस्टँडवर, आमची जीप चहाला थांबायची तिथे, आला. सरळ पोरगा होता. "साहेब, आईले समजवा. ठेकेदार मले विचारून राहिला, तुझी माय काय करून राहिली म्हनून. माही नोकरी जाईन." मी समजावतो म्हणालो. समजावलंही. मावशीनं ऐकून घेतलं. "त्याची गाडी धूळ उडवते अन् त्याचीच पोरगी खोकलते. आता कोनाले समजवू, सांगा."

ती कुणालाही न सांगता एसटीनं नागपूरला आली. माझं घर नागपूरच्या जुन्या महाल वस्तीत, एवढंच तिला ठाऊक. नाव ती विसरली होती. त्या गल्ल्यांत तिनं दुकानादुकानांत विचारलं, "धूळवाले साहेब कुठीसा राह्यतेत?" अर्धा महाल धूळवाल्या साहेबांना शोधत होता. शेवटी एका पानठेलेवाल्यानं तिला बरोबर माझ्या दारात आणून सोडलं. तेव्हापासून गल्लीत माझं तेच नाव पडलं आहे.

तिच्या पिशवीत स्टीलचा डबा होता. मला वाटलं, मिरच्या. "हा तुमच्यासाठी नाई," ती म्हणाली. "मोठ्या साहेबाकडे न्या मले."

मी तिला स्कूटरवर मागे बसवून ऑफिसात नेलं. आमचे मोठे साहेब म्हणजे एक मॅडम होत्या, कडक आणि नियमाच्या पक्क्या. मावशीनं त्यांच्या टेबलावर डबा उघडला आणि धुतलेल्या धोतराचे दोन तुकडे पसरले. एक मळका दिसत होता, एक काळा.

"दोनी एकाच दोरीवर टांगले होते बाई. हा मंगळवारचा. अन् हा बुधवारचा, तुमची मानसं घरी बसते त्या दिवसाचा."

मॅडमनी दोन्ही तुकडे बोटांनी चाचपले. "ही पद्धत आमच्या नियमात बसत नाही," त्या म्हणाल्या.

"मंग नियमात बसन तशी तुम्ही या. बुधवारी या. अन् कोनाले सांगू नका." मग माझ्याकडे हात करून, "याईलेबी नाई."

मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. मावशीनं मला कोंडीत पकडलंच होतं. टँकरचं काय ते मी सगळं सांगितलं, दोन वर्षांपासूनचं. सांगताना कान तापले. मॅडमनी दोन्ही तुकड्यांची घडी करून ते आपल्या खणात ठेवले.

पुढे एका बुधवारी मॅडम ऑफिसची गाडी न घेता एसटीनं, खांद्यावरच्या पिशवीत कागद घेऊन, मावशीच्या गच्चीवर जाऊन बसल्या. दुपारपर्यंत कागद काळा झाला. अहवाल गेला, खाणीला नोटीस निघाली. ठेकेदारानं राग मुलावर काढला, महिनाभर त्याला घरी बसवलं. मावशी त्या महिन्यात त्याला रोज मिरच्या पुसायला लावायची. मग डंपरला माणूस मिळेना, तेव्हा त्याला परत बोलावलं. दरम्यान टँकर रोजचा झाला आणि कोळशाच्या ट्रकांवर ताडपत्री आली. खाण काही देवघर झाली नाही, पण त्या हिवाळ्यात नात रात्री झोपू लागली.

आणि मग दोन वर्षांनी कळलं की गावाच्या खालीही कोळसा आहे. गाव उठणार. नवी वस्ती उमरेडच्या बाजूला, आखलेले प्लॉट, नळ, सगळं. मावशी म्हणाली, "रस्ता वला करून घेतला, तं आता रस्ताच चालला."

शेवटच्या दिवशी मी यंत्र उतरवायला गेलो. घरं अर्धी सोलल्यासारखी दिसत होती, कारण लोकांनी दारं-खिडक्या काढून नेल्या होत्या. मावशीच्या दारातही ट्रक भरून उभा होता. मुलगा घाई करत होता, नात पुढच्या सीटवर चढून बसली होती, आणि मावशी वर गच्चीवर झाडत होती. कोपरे, कठडा, जिन्याची पायरी न पायरी.

"मावशी, उद्या हे घर पाडणार आहेत," मी म्हणालो.

"मालूम हाय."

"मग झाडता कशाला?"

ती थांबली नाही. "चाळीस वर्सं राह्यली गा मी इथं. घान टाकून जाऊ काय?"

मी यंत्र खांद्यावर घेतलं आणि तिचं झाडून होईपर्यंत जिन्याखाली उभा राहिलो. ती शेवटच्या पायरीवरून उतरली, उंबरठ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि नातीला सरकवून ट्रकमध्ये बसली. ट्रक निघाला. वळणापर्यंत तिचा हात खिडकीबाहेर दिसत होता. ती ड्रायव्हरला पुढचा खड्डा दाखवत होती.