एका आडनावाच्या दोघी

फर्स्ट इयरच्या आमच्या वर्गात आमच्या आडनावाच्या दोघीजणी होतो. मी जन्मानं आणि दुसरी लग्नानं. प्राध्यापक हजेरी घेताना आधी 'मिस' लावून माझं आडनाव घ्यायचे. मी 'प्रेझेंट' म्हणायची, ते कुणाच्या कानावरही पडायचं नाही. मग ते क्षणभर थांबून 'मिसेस' म्हणायचे आणि मागच्या बाकांवरची सगळी मुलं माना उंच करून बघायची. ती माझी वहिनी. वयानं माझ्याहून लहान, नात्यानं मोठी, आणि ज्या वर्षाची मी शाळेत असल्यापासून वाट बघितली, त्या वर्षाच्या बरोबर मधोमध येऊन बसलेली.

कॉलेजचं वेड मला आबांनी लावलं. आबा म्हणजे माझे वडील, हायस्कुलात मास्तर. रविवारी संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर जायचो तेव्हा ते मुद्दाम वाट वाकडी करून मला कॉलेजवरून न्यायचे आणि म्हणायचे, "मॅट्रिक हो, मग इथं." घरात इंग्रजी शिकणारी मी एकटी. दादाचं डोकं त्यात चालेना, तो कचेरीत चिकटला. त्यामुळे आबांच्या खुर्चीशेजारचा पाट माझा, असं मी धरून चालले होते.

माझा मॅट्रिकचा निकाल लागायचा होता, तेव्हा दादाच्या लग्नाची बोलणी आमच्या घरी झाली. मुलीचे वडील नेसरीहून आले होते. धिप्पाड गडी, डोक्याला मोठा पटका, आवाज असा की शेजारच्यांनाही बोलणी ऐकू जावीत. शेतीभाती चांगली, पण शाळेशी संबंध बेताचाच. मानपान, दागिने, सगळं त्यांनी 'तुमी म्हणशीला तसं' म्हणून मोकळं केलं, आणि सुपारी फोडायची वेळ आली तेव्हा हात आडवा घातला.

"मास्तर, माझी एक अट हाय. पोरगी मॅट्रिकला बसलीया. पास झाली तर तिला कालिजात घालायची. मधनं काढायची न्हाय. व्हय म्हणत असला तर सुपारी फोडू, न्हायतर च्या पिऊन आलो तसा जातो."

बैठकीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मुलीच्या बापानं असं दरडावून काही मागायचं असतं, हे आमच्याकडे कुणी बघितलेलं नव्हतं. आबांना मात्र ते इतकं आवडलं की त्यांनी उठून त्यांना मिठीच मारली. पुढं महिनाभर भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या व्याह्यांनी शिक्षण मागून घेतलं हो!" तेव्हा मलाही त्या माणसाचं कौतुक वाटलं होतं. आपल्याला त्याची काय किंमत पडणार आहे, याची कल्पना नव्हती.

लग्न उरकलं, आम्ही दोघीही मॅट्रिक पास झालो आणि जूनमध्ये कॉलेजात गेलो. तेव्हा मुलींनी आपलं आपण वर्गात जायचं नसे. लेडीज रूममध्ये थांबायचं, प्राध्यापक आले की त्यांच्या मागून खाली माना घालून आत जायचं, पुढच्या बाकावर बसायचं आणि तास संपला की त्यांच्याच मागून बाहेर. आम्ही मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होतो. मी पहिल्या दिवसासाठी वेणी दोनदा घातली होती आणि ठेवणीतली पाचवारी नेसले होते. माझ्या शेजारी वहिनी, नऊवारीत, डोक्यावरून पदर घेऊन, कपाळाला आडवं कुंकू. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मुलं हसतील म्हणून मी चार पावलं पुढं चालायला लागले.

तर मागून हाक आली, "वन्सं! थांबा की वो, मला वाट ठावं न्हाय!"

नवऱ्याच्या बहिणीला नावानं हाक मारायची नाही, वन्सं म्हणायचं, हे तिला तिच्या आईनं पढवून पाठवलेलं. ते कॉलेजच्या व्हरांड्यातही लागू होतं, अशी तिची समजूत. त्या दिवसापासून लेडीज रूममधल्या साऱ्या मुली मला वन्सं म्हणायला लागल्या. माझं नाव काय, मी मॅट्रिकला संस्कृतात किती चांगली होते, हे कुणी विचारलंच नाही. मी आपली त्या मिसेसची वन्सं.

मला वाटलं होतं, हसतील तिला. आठवडाभर हसलेही. पण तिला त्याचं काहीच नव्हतं. इतिहासाच्या तासाला तिनं सरळ हात वर केला आणि म्हणाली, "सर, परत सांगा की. आमास्नी कळलं न्हाय." वर्गात हशा पिकला. प्राध्यापकही हसले, पण त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि खरं सांगायचं तर ते मलाही कळलेलं नव्हतं. मी मेले तरी विचारलं नसतं. दिवाळीपर्यंत प्राध्यापकच शिकवून झालं की तिच्याकडे बघून विचारायचे, "काय मिसेस, कळलं का?" आणि मी तिच्या शेजारी बसून पेनाचं टोपण चावायची.

घरी तर सगळं उलटंच होऊन बसलं. एखाद्या घरात सून चुलीपुढं आणि लेक पुस्तक घेऊन, असं दिसतं. आमच्याकडे सून माजघरात वाचत बसलेली आणि लेक भाकरी थापतेय. आईचं म्हणणं सरळ होतं. "तिच्या बापाला शब्द दिलाय. उद्या ती नापास झाली तर म्हणतील, कामाला जुंपली. आणि तुला परक्या घरी जायचंय, तुला आलं पाहिजे." म्हणजे तिचं शिक्षण हा शब्द होता आणि माझं, जमेल तेवढं. भाकरी थापता थापता मी इतकी जळायची की तव्यावरची कमी करपत असेल.

पाचवारीवरून तर मी दोन दिवस जेवले नाही. नऊवारीत तिला सायकलींच्या गर्दीतून चालायला अवघड जातं म्हणून आबांनी महाद्वार रोडवरून तिला दोन पाचवारी आणल्या. एक मोरपंखी, एक अबोली. मला म्हणाले, "तुझ्याकडे आहे की." होती. मावशीची जुनी, निऱ्यांत विरलेली. आणि त्याच संध्याकाळी इंग्रजी शिकायला बसलो तेव्हा आबांच्या खुर्चीशेजारच्या पाटावर ती आधीच बसली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं तो कुणाचा ते. मीही सांगितलं नाही. भिंतीला टेकून बसले आणि आबा तिच्याकडे तोंड करून शिकवत राहिले, कारण प्रश्न तीच विचारत होती.

तिनं माझ्याशी वाईट वागायला हवं होतं, म्हणजे मला सोपं गेलं असतं. पण तीही सोय नव्हती. मला बघायला पाहुणे यायला लागले तसे माझे तास बुडायला लागले. चहाचे कप घेऊन बाहेर जायचं, खाली बघायचं. "मुलगी काय करते?" असं कुणी विचारलं की आबा अभिमानानं सांगायचे, "कॉलेजात आहे." बांगड्या आहेत, गळ्यात सर आहे, तसं कॉलेज आहे. अशा दिवशी वहिनी संध्याकाळी येऊन सगळे तास मला बोलून दाखवायची, प्राध्यापकांचे हातवारे करून, नकला करून. मला हसू यायचं आणि हसल्याचा राग यायचा. तिला कोण बघायला येणार होतं? गळ्यात मंगळसूत्र, पाठीशी बापाची अट. माझं कॉलेज मात्र स्थळ जमेपर्यंत. माझ्याच घरात, माझ्याच आडनावानं, ती माझी चार वर्षं जगायला निघाली होती.

संक्रांतीनंतर सांगलीचं स्थळ जमत आलं. व्यापारी घर, माणसं चांगली, मुलगा शिकलेला. आणि सांगलीत कॉलेज होतं, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. ते कळल्यापासून माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. नेसरीच्या त्या माणसानं जे एक वाक्य म्हटलं होतं, ते आबा माझ्यासाठी म्हणतील. म्हणणारच. त्यांच्याइतकं ते वाक्य कुणाला आवडलं होतं?

बोलणीच्या दिवशी आम्ही दोघी आतल्या दाराशी उभ्या होतो. बाहेर सगळं ठरत गेलं. लग्न फाल्गुनात, म्हणजे परीक्षेच्या आधी. आबा 'बरं' म्हणाले. मानपान, 'बरं'. वऱ्हाडाची सोय, 'बरं'. मी जीव कानात आणून उभी होते. सुपारीचं ताट पुढं आलं.

आणि बोलणीला बोलावलेले वहिनीचे वडील कोपऱ्यातून गरजले, "थांबा. मास्तर, पोरीच्या कालिजाचं काय? ते बोलायचं ऱ्हायलं की!"

सांगलीचे माझे होणारे सासरे आबांकडे बघायला लागले. मला आबांचा अर्धा चेहरा दिसत होता. ते कसनुसं हसले आणि म्हणाले, "छे छे, ते राहू दे. आपण मुलीकडचे. ते आता त्यांच्या घरचं, त्यांना योग्य वाटेल तसं करतील."

"आवो, पर माझ्या पोरीला तुमीच..."

"राहू द्या पाहुणे," आबा म्हणाले आणि सुपारीवर अडकित्ता त्यांनीच ठेवला.

वहिनीनं माझा हात धरला. मी तो झिडकारला. ती रडत होती, मी नाही. वर्षभर मला वाटत होतं, मला तिच्या साड्यांचा हेवा वाटतो, हजेरीतल्या त्या मिसेसचा, पाटावरच्या जागेचा. हे सगळं तिनं परत केलं असतं तरी मला नको होतं. मला तिचा बाप हवा होता. ओरडणारा, अडाणी, चारचौघांत लाज आणणारा.

कॉलेजच्या शेवटच्या दिवशी मुली म्हणाल्या, "वन्सं, विसरू नका हं." फाल्गुनात मी सांगलीला गेले आणि हजेरीत आमचं आडनाव एकदाच यायला लागलं.

वहिनी बी.ए. झाली तेव्हा आबा स्वतः पेढे घेऊन सांगलीला आले. आनंदानं त्यांना दम लागला होता. सासऱ्यांनी त्यांना झोपाळ्यावर शेजारी बसवून घेतलं, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "नशीबवान आहात मास्तर. आम्हीही घातलं असतं हो हिला कॉलेजात. ते नेसरीचे पाहुणे बोलले ना, तेव्हा मी हो म्हणायच्या बेतात होतो. तुम्हीच म्हणालात, राहू दे. मला वाटलं, तुमच्याच मनात नाही."

ते सहज बोलले. आबांनी बशीत ओतलेला चहा तसाच राहिला. मी पेढ्यांचं ताट घेऊन दारात उभी होते, पण त्यांनी मान वर केली नाही.

निघताना मी त्यांना पोचवायला पायरीपर्यंत गेले. चपला घालून ते मागं वळले आणि म्हणाले, "तुला काही हवंय का गं?" सासरे आत झोपाळ्यावर होते, दार उघडं होतं. कॉलेज दोन गल्ल्यांवर होतं, आणि हो म्हणायच्या बेतात असलेला माणूस हाकेच्या अंतरावर.

मी म्हणाले, "नको आबा. राहू दे."