सात वेळा धुतलेले हात

"हात पुढे कर! दोन्ही! उलटे कर! आता वास घे त्यांचा. घे म्हणते ना!"

मोठ्या बाई, आमच्या हेडनर्स, ओरडत होत्या. वार्डात बावीस खाटा, बावीस बाया, त्यांच्या सासवा, नणंदा, पाळण्यातली पोरं. सगळे बघत होते. मी वास घेतला.

"कशाचा येतो?"

"कारबोलिकचा, बाई."

"मला अजून जातीचाच येतोय. पुन्हा धू. मोज. मोठ्यानं."

मी मोजलं. एक. दोन. तीनपासून कोपऱ्यातल्या खाटांवरच्या बाया माझ्याबरोबर मोजायला लागल्या, भाताच्या रोवण्यात एकीनं गाणं उचललं की बाकीच्या उचलतात तसं. पाचला हशा पिकला. सात झाल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "आता तोंड बंद. एक शब्द काढलास तर व्हरांड्यात उभी करीन."

मी शब्द काढलाच नव्हता.

त्यांचा आवाज असा, की बालाघाटची छोटी गाडी सिग्नल नसताना गोंदियाच्या अलीकडे थांबली, असं मी सगळ्यांना सांगायची. थांबली नव्हती. पण थांबायला हवी होती.

मी मुळात थापाडी. आत्ताच सांगून टाकते, मागून कोणी म्हणायला नको. आई केशोरीची सुईण, महारवाड्यातली. कळा देणाऱ्या बाईला ती गोष्टी सांगायची, तो धंदा मी उचलला. माझ्या आईनं तलावातल्या मगरीचं बाळंतपण केलं आणि मगरीनं तिला हिरवं लुगडं नेसवलं, ही माझी सगळ्यात चालणारी थाप. बाई हसली की अंग सैल सोडते. अंग सैल पडलं की पोर वाट काढतं. हे मला शिकवलेल्या एकाही पुस्तकात नव्हतं. नागपूरला दोन वर्षं शिकून पांढरी साडी नेसून मी या जनाना दवाखान्यात आले, तेव्हा वाटलं होतं की माझी मगर आता सरकारी नोकरीला लागली.

बाकी दोघी नर्सा हात एकदा धुवायच्या, पाणी घातलेल्या कारबोलिक ॲसिडनं. मला सात वेळा, बिनपाण्याच्या. मोठ्या बाई मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या लेक, शिकलेल्या, कामाला वाघीण. डॉक्टरसाहेब त्यांच्यावर इंग्रजीत ओरडायचे. त्या आमच्यावर मराठीत. आम्ही बायांवर, जिला जी बोली येईल त्या बोलीत. बायांना ओरडायला खाली कोणी नव्हतं, म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या.

चार महिने झाले. जेवण जाईना. मगरीची गोष्ट आठवेना, खरंच आठवेना. मालगाडीचे डबे मोजायची सवय लागली, आणि मोजता मोजता पाय रुळाकडे वळायचे. मी ते कोणाला सांगितलं नाही. कोणाला सांगणार? मोठ्या बाईंना? "जेवलीस का" हे त्या दवाखान्यात फक्त बाळंतिणीला विचारायची रीत होती.

आणि बोटं मेली होती. कातडी पांढरी, फुगलेली, वर मेण ओतल्यासारखी. चहाचा पेला गरम आहे की गार, ते मला ओठाला लागल्यावर कळायचं. हेही सांगितलं नाही.

ती हात हुंगायची सकाळ. त्याच दिवशी दवनीवाड्याकडून एक बैलबंडी आली. रोवण्याचे दिवस. बाई चिखलाच्या पायांनीच आली होती. सकून नाव. पहिलटकरीण. सोबत फक्त सासू.

कळ आली की सकून माझा दंड धरायची. "बाई, वो बाई. बाई, वो माय." दुसरं काही नाही, एवढंच. दर कळेला तेवढंच. तिची बोटं माझ्या कारबोलिकनं फुटलेल्या मनगटावर रुतली आणि माझ्या तोंडातून निघालं, "तोंड बंद! एक शब्द काढला तर व्हरांड्यात टाकीन!"

आवाज माझाच होता. शब्द सकाळचे होते. मालगुजाराच्या लेकीचे शब्द महाराच्या लेकीच्या तोंडात अगदी बरोबर बसले, माप घेऊन शिवल्यासारखे. मला तेव्हा काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

सकून गप्प झाली. एकदम गप्प. दुपारी मुलगी झाली, चांगली रडली. वार पूर्ण पडली. मी पोटावर हात ठेवला. आई म्हणायची, पोर निघाल्यावर पोट कवठासारखं टणक लागलं पाहिजे; पिकल्या पपईसारखं लागलं तर रक्त जाणार, जागची हलू नकोस. मी दाबलं. काय लागलं? सांगते ना. काही लागलं नाही. माझ्या बोटांना कवठही कळत नव्हतं आणि पपईही. दुसऱ्या नर्सला हाक मारून म्हणायला हवं होतं, बाई, तू बघ, मला समजत नाहीये. पण ती मोठ्या बाईंना सांगेल, मोठ्या बाई सगळ्या वार्डासमोर म्हणतील, बघा, सुईणीच्या पोरीला पोट कळत नाही. मी म्हटलं, टणकच आहे. चादर ओढली आणि दुसऱ्या खाटेकडे गेले.

परत आले तेव्हा सकूनचे ओठ पांढरे. चादर उचलली. रक्त पलीकडच्या बाजूनं गादीत मुरलं होतं, अलीकडे थेंब नाही. मी पोट चोळलं, मुठीनं दाबलं, रक्त थांबवायचं अर्गट पाजलं, पाय उंच राहायला खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या, ओरडले. साहेब भंडाऱ्याला गेलेले. मोठ्या बाई धावत आल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत भरेतो झटल्या, हे खोटं सांगणार नाही. ऊन कललं तोवर संपलं.

या गोष्टीत मगर नाही.

मी व्हरांड्यात गेले. सासू पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं, "आजी, मी ओरडली तिच्यावर. म्हणून तिनं मले हाक नाही मारली."

वाटलं, हाणेल. हाणावं असंच वाटत होतं. ती पोरीचं तोंड पुसत राहिली.

"मारनारच होती हाक. मले सांगतलं तिनं, खालून ओलं लागून राहिलं म्हणे. मीच म्हणलं, चूप राय वो, बाई आंगावर येते."

मी तिथंच खाली बसले. त्या म्हातारीनं मला दोन घटकांत ओळखलं होतं. मी तिच्यासाठी मोठ्या बाईच होते.

मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. दार लावलं. पहिल्यांदा माझ्याशी हळू बोलल्या. "रजिस्टरमध्ये लिही, घरूनच रक्त वाहत आली. उशिरा आणली. खेड्यातल्या बाया उशिराच आणतात, कोणी विचारत नाही."

मी रजिस्टर उघडलं, पण टाक उचलला नाही.

"अगं, तुला वाचवतेय मी. कळतं का?"

कळत होतं. त्यांना स्वतःलाही वाचवायचं होतं, तेही कळत होतं. साहेब उद्या येणार, इंग्रजीत ओरडणार. त्यांनाही बिचाऱ्यांना कोणी विचारलं नसेल, जेवलात का. मला क्षणभर त्यांची कीव आली, आणि मग त्या किवेचाच राग आला.

मी टाक उचलला. जन्मभर थापा मारल्या, पण बाईला हसवायला. बाईला गाडायला एक थाप मारायची, ते मला येत नव्हतं. मी लिहिलं:

'आली तेव्हा धड होती. कळा देताना नर्स तिच्यावर ओरडली, म्हणून रक्त जाऊ लागल्यावर ती घाबरून बोलली नाही. बिनपाण्याच्या कारबोलिकनं सात सात वेळा हात धुवायला लावल्यानं नर्सच्या बोटांना स्पर्श कळत नव्हता. नर्सनं हे वर सांगितलं नाही, कारण वर सांगण्यासारखं कोणी नव्हतं.'

खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. त्याच्या खाली मोठ्या बाईंच्या सहीला जागा सोडली.

"आणि उद्यापासून सगळ्या धुतात तेवढेच धुवीन," मी म्हटलं. "तुम्ही ओरडलात तर वार्डात सगळ्यांसमोर विचारीन, काऊन ओरडता म्हणून. मी कोणत्या बाईवर ओरडले तर तुम्ही मला तसंच विचारायचं. काढून टाकलं तर दाराशी बसून येणाऱ्या प्रत्येक बंडीला सांगीन, की दुखलं तर हाक मारा."

मोठ्या बाईंनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं. वाचलं. परत वाचलं. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "हे साहेब वाचतील."

"वाचायसाठीच लिहिलं," मी म्हटलं.