चिमूटभर नवसागर

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतोय — का सांगतोय, तेही धड ठाऊक नाही.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. यवतमाळला इंटर सायन्सची प्रॅक्टिकल परीक्षा होती, आणि माझ्या शेजारच्या ओट्यावर सुखदेव. दारव्ह्याकडचा. घरच्यांनी थोड्याच वर्षांपूर्वी बुद्धाची दीक्षा घेतलेली, बाप कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. पोरगं मात्र — काय सांगू! कुठलंही अनोळखी सॉल्ट द्या, तासाभरात छडा लावायचा. सर भर वर्गात मला म्हणायचे, शिका जरा त्याच्याकडून. त्याच्याकडून? मी? अंगाची नुसती लाही व्हायची. खोटं कशाला बोलू — सरांनी दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं, तर इतकी झाली नसती.

परीक्षेत प्रत्येकाला कागदाच्या पुडीत एकेक सॉल्ट मिळायचं. पांढरी भुकटी, वर नुसता नंबर. मी माझं कॉस्टिक सोडा घालून तापवलं आणि अमोनियाचा भपकारा आला. नवसागर, कल्हईवाले वापरतात तोच. सुखदेव अजून नळ्याच धूत होता. आधी साऱ्या नळ्या तीन-तीनदा धुवायच्या, मगच पुडी उघडायची, ही त्याची रीत. मग तो डिस्टिल्ड पाणी आणायला कोपऱ्यात गेला.

आणि मी — मी त्याची पुडी उलगडली. माझ्यातली चिमूटभर तिच्यात टाकली. पुन्हा घडी घातली. पांढऱ्यात पांढरं. किती वेळ लागतो हो अशा कामाला?

त्याचं सॉल्ट होतं बेरियम क्लोराइड. ते त्यानं बरोबर शोधलं. पण अमोनियाही सापडला. लिटमस निळा झाला. त्यानं पुन्हा करून पाहिलं, पुन्हा निळा. काय करणार होता तो? जे दिसलं ते लिहिलं, दोन्ही लिहिली. परीक्षकानं लाल रेघ मारली — एका सॉल्टात दोन कुठून आली! प्रॅक्टिकलमध्ये नापास, म्हणजे सगळाच नापास. शिष्यवृत्ती बंद झाली.

निकालाच्या दिवशी तो माझ्याकडेच आला. "वास आलता गड्या, खरंच आलता. मंग चुकलो कुठी?"

तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? मी म्हणालो, "नळी नीट धुतली नसशील."

तो आपल्या हातांकडे पाहत राहिला. "असन," एवढंच म्हणाला.

मी पास झालो. केमिस्ट्रीचा मास्तर झालो. पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलो, नळ्या स्वच्छ धुवा रे!

आठेक वर्षांनी दारव्ह्याच्या बाजारात तो भेटला. बापाच्याच जिनिंगमध्ये लागला होता, अंगावर कापसाची तुसं. ओढतच चहाला घेऊन गेला. हॉटेलवाल्याकडून रिकामा ग्लास मागून घेतला, एकदा विसळला, दोनदा, तीनदा, मग चहा ओतू दिला. मी पाहतोय हे बघून हसला.

"सवय लागली. बरं झालं तवा तू सांगतलं. नाही तं जलमभर इचारच करत राह्यलो असतो, का आपलं चुकलं काय म्हणून."

मी म्हणालो, "चहा पी, थंड होतोय."

नळी धुतलेली होती. तीनदा धुतली होती त्यानं, माझ्या डोळ्यांदेखत.